न्यूक्लिअर मेडिसिनची चिठ्ठी हातात पडली, आता पुढं काय?

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘बोन स्कॅन’, ‘पेट सीटी’ किंवा ‘आयोडीन’ असं काहीतरी लिहून दिलं आणि ‘तळमजल्यावर न्यूक्लिअरला जाऊन तारीख घ्या’ म्हणून सांगितलं, की माणूस जिना उतरून आमच्या दारापर्यंत येतो आणि पिवळ्या पाटीवरचं तीन पात्यांचं चिन्ह बघून तिथंच थबकतो. नाशिककडच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी बारा वर्षं या विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करते. दार उघडून ‘या, बसा’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘ताई, लाईट देणार का?’

नाही. लाईट किंवा शेक म्हणजे रेडिओथेरपी. तिथं मशीन बाहेरून किरण सोडतं. आमच्याकडे उलटं आहे. किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून किंवा तोंडावाटे तुमच्या अंगात जातं, ज्या अवयवाला ते हवं असतं तिथं जाऊन बसतं आणि तिथून बाहेर पडणारे गामा किरण आमचा कॅमेरा टिपतो. गामा कॅमेरा स्वतः काही सोडत नाही, नुसता बघत बसतो. एक्स-रेमध्ये अवयवाचा आकार दिसतो, इथं तो अवयव काम कसा करतोय ते दिसतं. उपचारातही तत्त्व हेच, फक्त औषध असं निवडलेलं की त्याचे किरण जवळच्या पेशींनाच मारतात.

हे काही काल-परवा आलेलं शास्त्र नाही. थायरॉईडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन पाजून बरं करण्याचा पहिला प्रयोग बोस्टनमध्ये १९४१ साली झाला. मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र हे विभाग अलीकडेच आले, त्यामुळं शेजारीपाजारी कुणी ‘मी केलंय, काही होत नाही’ असं सांगणारं सापडत नाही. म्हणून हा लेख.

आधी घड्याळ समजून घ्या

आमच्या विभागातली निम्मी गैरसोय आणि बहुतेक सगळे रुसवेफुगवे एकाच गोष्टीमुळं होतात. आमचं औषध बर्फासारखं आहे, ठेवलं की विरघळतं. बहुतेक स्कॅनना टेक्नेशियम वापरतात, ते ६ तासांत निम्मं होतं. पेटसाठीचं फ्लोरीन-१८ हे ११० मिनिटांत निम्मं. आयोडीन-१३१ त्या मानानं सोशिक, त्याला ८ दिवस लागतात. कपाटात साठवून ठेवावं आणि पेशंट आला की काढावं, अशी सोय इथं नाही.

टेक्नेशियमची युक्ती मला अजूनही आवडते. शिशाच्या जाड कवचातला एक छोटा जनरेटर विभागात येतो. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते ६६ तासांत निम्मं होतं आणि होता होता टेक्नेशियम तयार करत राहतं. रोज सकाळी त्यातून सलाईन ओढून घेतलं की टेक्नेशियम बाहेर येतं. जगभरच्या विभागांत या डब्याला गाय म्हणतात आणि या कामाला दूध काढणं. गाय नवी असते तेव्हा भरपूर दूध देते, आठवडा सरता सरता आटते. त्यामुळं ‘सोमवारी नको, शनिवारी करू’ ही विनंती दरवेळी मान्य होत नाही, त्यामागं आमचा आडमुठेपणा नसतो.

पेटची कथा आणखी घाईची. ते औषध सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात बनतं आणि आमच्याकडे सायक्लोट्रॉन नाही. मुंबईकडून अंधारातच गाडी निघते. रस्त्यात साडेतीन-पावणेचार तास गेले म्हणजे निम्म्याचं निम्मं उरलं. इथं १० मिलिक्युरी (हे किरणोत्साराचं माप) टोचायची असेल, तर तिकडून ४० भरून पाठवावी लागते. एकदा कसारा घाटात ट्रक आडवा झाला आणि आमची गाडी अडीच तास अडकली. सहा जण उपाशी बसलेले, औषध चौघांपुरतंच उरलं. सुरगाण्याहून आलेल्या काकांना परत पाठवावं लागलं. दुसऱ्या खेपेला आले तेव्हा ते माझ्याशी बोलायलाच तयार नव्हते, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हा दोन गोष्टी पाळा. दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी या. येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करा. तुमच्या नावानं मागवलेलं औषध उद्या वापरता येत नाही, आणि त्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बोलावता येतं.

नाव नोंदवताना काय सांगायचं

काउंटरवर चिठ्ठी सरकवून नुसती तारीख घेऊन जाऊ नका. फाईल बरोबर आणा : बायोप्सी, आधीचे सीटी-एमआरआय, ऑपरेशनचं कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं. गोळीचं नाव आठवत नसेल तर पट्टीच घेऊन या, ‘ती पांढरी छोटी’ एवढ्यावर आमचं भागत नाही.

बाईमाणसाला आम्ही एक प्रश्न विचारतोच : पाळी कधी आली होती? सोबत सासरे किंवा दीर उभे असतात, मग उत्तर येत नाही. अशा वेळी सरळ ‘आत येऊन सांगते’ म्हणा, आम्ही समजतो. दिवस राहिल्याची शंका असेल तर तपासणी पुढं ढकलता येते का हे डॉक्टर बघतात. आयोडीनचा उपचार तर गरोदरपणात देतच नाहीत. अंगावर पिणारं बाळ असेल तर तेही सांगा. काही स्कॅननंतर थोडे तास दूध पिळून टाकावं लागतं, काहींना तेवढंही लागत नाही. आयोडीन-१३१ ची गोष्ट वेगळी. त्यासाठी दूध साधारण ६ आठवडे आधीच तोडावं लागतं आणि त्या बाळाला पुन्हा सुरू करता येत नाही. हे ऐन दिवशी कळलं तर सगळं फिस्कटतं.

आणखी चार गोष्टी न विचारता सांगा. गेल्या दोन महिन्यांत रंग टोचून सीटी किंवा अँजिओग्राफी झाली आहे का. केमो, शेक, ऑपरेशन यांच्या तारखा. मधुमेह आहे का. आणि पाठीवर अर्धा तास न हलता पडता येतं का. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण कंबरदुखीच्या माणसाला फळीवरची वीस मिनिटं म्हणजे शिक्षा असते. आधी कळलं तर आम्ही गुडघ्याखाली उशी देतो, डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी आधी द्यायला सांगतो.

पैशांबद्दल लाज न बाळगता पहिल्याच दिवशी बोला. सरकारी योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मंजुरी लागत असेल तर ती औषध मागवायच्या आधी हवी. धर्मादाय रुग्णालयात गरीब रुग्णांसाठी राखीव खाटा आणि सवलत असते, त्याची कागदपत्रं समाजसेवा विभागात द्यायची असतात. तपासणी झाल्यावर बिल कमी करून घेण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं.

बोन स्कॅन : सगळ्यात साधा, सगळ्यात जास्त

उपाशी यायची गरज नाही. नाश्ता करून या, रोजच्या गोळ्या घेऊन या. हाताच्या शिरेत एक इंजेक्शन, झालं. मी शिशाच्या भांड्यातून सिरिंज काढते, तिच्यावर धातूचं जाड कवच चढवलेलं असतं, म्हणून ती एवढी बोजड दिसते; आतलं औषध एखादा मिलिलिटर. आग होत नाही, चक्कर येत नाही, तोंडाला चव येत नाही. पुष्कळ जण विचारतात, ‘दिलं का?’ स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्या बाजूचा हात पुढं करू नका, दुसरा द्या.

मग खरं काम तुमचं. साधारण तीन तास थांबायचं आणि या वेळात लिटर-दीड लिटर पाणी प्यायचं, सारखी लघवी करायची. हाडात न बसलेलं औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. ते जितकं बाहेर जाईल तितकी हाडं स्वच्छ दिसतात आणि मूत्राशयाला किरणंही कमी लागतात. कॅमेऱ्यावर चढण्याआधी शेवटचं एकदा जाऊन या. भरलेलं मूत्राशय फोटोत काळ्या फुग्यासारखं दिसतं आणि मागचं माकडहाड झाकून टाकतं. आणि कपड्यावर थेंब पडू देऊ नका. लघवीचा एक थेंब पायजम्यावर पडला की मांडीच्या हाडापाशी डाग दिसतो, मग कपडे बदलून पुन्हा फोटो.

कॅमेरा एमआरआयसारखा बोगदा नाही. दोन चपटी डोकी तुमच्या वर-खाली असतात आणि टेबल हळूहळू सरकतं. वीस ते तीस मिनिटं. आवाज जवळपास नाही, लोक घोरतात. मंगळसूत्र, किल्ल्या, खिशातली नाणी, करगोट्याचं चांदीचं पदक काढून ठेवा. मंगळसूत्र काढायला नको वाटत असेल तर सांगा, दोऱ्यात मणी ओवून गळ्यात ठेवायची परवानगी मी स्वतः कित्येकींना दिली आहे.

पूर्वी कधी पडलात, बरगडी मोडली, गेल्या महिन्यात दाढ काढली, असं काही असेल तर आठवून सांगा. बोन स्कॅन सगळ्याच दुरुस्त्या दाखवतो. झिजलेला गुडघा, काढलेली दाढ आणि कॅन्सरची गाठ तिन्ही ‘गरम’ दिसू शकतात. कुठला डाग कशाचा, हे तुमच्या माहितीवरूनही ठरतं. आयुष्यभर भाताची रोपं लावलेल्या आजीबाईंचे गुडघे आणि कंबर लखलखतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

किरणं किती? साधारण ४ मिलिसिव्हर्ट. अंगाला लागलेले किरण या मापात मोजतात. जमिनीतून, आभाळातून, अन्नातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे पावणेदोन वर्षांचं एकदम मिळालं, एवढाच हिशेब.

पेट सीटी : इथं शिस्त लागते

पेटचं औषध म्हणजे साखरेसारखाच एक पदार्थ, त्याला फ्लोरीन-१८ जोडलेलं. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, म्हणून त्या उजळतात. पण मेंदू, हृदय आणि राबणारे स्नायूही साखर ओढतात. सगळी पथ्यं या एका वाक्यातून निघतात, ती पाठ करण्यापेक्षा कारण लक्षात ठेवा.

सहा तास उपाशी. साधं पाणी चालतं, नव्हे प्यायचंच. चहा नाही, ‘बिनसाखरेचा, एकच घोट’ असंही नाही, सर्दीचं गोड सिरप नाही, देवाचा प्रसाद म्हणून पेढा नाही. एका ताईंनी त्र्यंबकेश्वरला दर्शन घेऊन येताना प्रसाद खाल्ला होता आणि मला ते साखर तपासल्यावर कळलं. बिचाऱ्या शपथेवर सांगत होत्या की काहीच खाल्लं नाही. प्रसाद त्यांच्या हिशेबी ‘खाण्यात’ धरत नव्हता.

आदल्या दिवशी शेतात कष्टाचं काम, व्यायाम, लांब चालणं नको. तपासणीच्या दिवशी तंबाखूचा बार, सुपारी, च्युइंगगम बंद. चघळत राहिलं की जबड्याचे स्नायू पेटतात आणि तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये नेमका तोच भाग बघायचा असतो. इंजेक्शननंतर तासभर एका खोलीत शांत पडायचं. मोबाईल नाही, गप्पा नाहीत. गळ्याचा आजार असेल तर बोलू नका असं बजावून सांगतो, कारण बोललं की स्वरयंत्र उजळतं.

थंडीचं पथ्य कुणी सांगत नाही, मी सांगते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून पहाटे मोटारसायकलवर कुडकुडत येणारी बारीक अंगाची तरुण मुलं असतात. थंडी वाजली की मानेतली आणि खांद्यातली एक खास चरबी शरीर तापवायला साखर जाळू लागते आणि फोटोत गाठींसारखी दिसते. स्वेटर, कानटोपी, पायमोजे घालून या. आमच्याकडचं ब्लँकेट मागून घ्या, संकोच नको.

मधुमेह असेल तर स्वतःच्या मनानं गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका आणि मनानं घेऊही नका. रक्तातली साखर २०० च्या आत हवी असते. ती खाली आणायला ऐनवेळी इन्सुलिन टोचलं, तर औषध सगळं स्नायूंत घुसतं आणि स्कॅन वाया जातो. मेटफॉर्मिननं आतडी उजळतात, म्हणून ती काही वेळा दोन दिवस थांबवतात. हे सगळं तारीख घेतानाच आमच्या डॉक्टरांशी आणि तुमच्या साखरेच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

केमोनंतर साधारण दोन-तीन आठवडे आणि शेक संपल्यावर तीन महिने थांबून पेट केलेला बरा, नाहीतर उपचारानं आलेली सूजच आजार म्हणून दिसते. यात सीटीचे किरणही मिळत असल्यानं डोस बोन स्कॅनपेक्षा जास्त असतो. म्हणून ‘एकदा सगळ्या अंगाचं करूनच टाकू’ असं म्हणून हौसेनं करण्याची ही तपासणी नव्हे.

हृदय, मूत्रपिंड, थायरॉईड

हृदयाच्या तपासणीला लोक अजून ‘थॅलियम’ म्हणतात, बहुतेक ठिकाणी त्यात आता टेक्नेशियमच असतं. २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. मराठी माणसाला यातलं चहा सोडणं सगळ्यात जड जातं, पण कॅफिननं तपासणीचं एक औषध लागूच पडत नाही. बीपीच्या कुठल्या गोळ्या थांबवायच्या ते हृदयाचे डॉक्टर सांगतील. इंजेक्शननंतर दूध-लोणी किंवा तेलकट खायला सांगितलं तर चकित होऊ नका. पित्ताशय रिकामं झालं की हृदयाशेजारचा उजेड हटतो.

मूत्रपिंडाच्या स्कॅनला उलट भरपूर पाणी पिऊन या. लहान मूल असेल तर झोपेच्या वेळेला आणा, आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवा, आवडतं खेळणं आणि दुधाची बाटली सोबत. मूल हललं की आलेख बिघडतो. आईला शेजारी थांबता येतं, ती गरोदर नसेल तर.

थायरॉईडचं स्कॅन अर्ध्या तासात उरकतं. पण थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकताच आयोडीनचा रंग टोचून सीटी झाला असेल, तर ग्रंथी औषध घेतच नाही आणि फोटो कोरा येतो.

आयोडीनचा उपचार : इथं थोडं थांबून वाचा

थायरॉईड ग्रंथीला आयोडीन लागतं आणि ते कुठलं, हे तिला ओळखता येत नाही. किरणोत्सारी आयोडीन-१३१ दिलं तरी ती तितक्याच आवडीनं ओढते, आणि त्याचे बीटा किरण मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या आतल्या पेशींना मारतात. थायरॉईड जास्त काम करत असेल तर थोडी मात्रा पुरते, साधारण ५ ते १५ मिलिक्युरी. बाह्यरुग्ण म्हणून येऊन, घेऊन, घरी. थायरॉईडच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर उरलेल्या पेशींसाठी ३० पासून २०० मिलिक्युरीपर्यंत लागते, आणि ३० च्या वर गेलं की वेगळ्या खोलीत दाखल व्हावं लागतं. हे नियम अणुऊर्जा नियामक परिषदेचे, रुग्णालयाच्या मर्जीचे नाहीत.

कॅन्सरसाठी घेणार असाल तर तयारी महिनाभर आधीपासून. थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडची रोजची गोळी तीन-चार आठवडे बंद करतात, म्हणजे उरलेल्या पेशी भुकेल्या होतात. या दिवसांत अंग जड होतं, थंडी वाजते, चेहरा सुजतो, पोट साफ होत नाही, सुनेला वाटतं सासूबाई आळस करतायत. घरच्यांनी हे समजून घ्यावं. या काळात गाडी जपून चालवा, शक्यतो दुसऱ्याला चालवू द्या.

शेवटचे एक-दोन आठवडे कमी आयोडीनचं जेवण. अडचण मिठाची. आपल्याकडे दुकानातलं मीठ आयोडीनयुक्तच असतं, आणि सैंधव म्हणून घेतलेल्या पाकिटावरही कधी कधी ‘आयोडाईज्ड’ लिहिलेलं असतं, म्हणून वाचून घ्या. बिनआयोडीनचं मीठ कुठं मिळेल ते विभागात विचारा. बोंबील, सुकट, कोळंबी, अंडं, दूध, दही, पनीर, बेकरीचं, फरसाण, घरचं लोणचं आणि पापड बंद, कारण लोणच्यातलं मीठ आपण विसरतो. उरतं काय? भात, भाकरी, डाळ, भाज्या, फळं, शेंगदाणे, आणि ते वेगळं मीठ. चव जमते, पहिले तीन दिवस सोडले तर.

त्या दिवशी दोन तास आधीपासून खाऊ नका. खोलीत गेलात की जरा विचित्र दिसेल : विजेची बटणं, नळ, टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, खाटेशेजारी शिशाचा पडदा. मी शिशाचं भांडं घेऊन येते, झाकण काढते आणि दोन पावलं मागं सरते. आतली छोटी कुपी तुम्हीच उचलायची, कॅप्सूल हाताला न लावता थेट तोंडात ओतायची, वर ग्लासभर पाणी. दहा सेकंदांचं काम. बारा वर्षांत मी पाहिलंय, त्या दहा सेकंदांआधी बहुतेक जण हात जोडतात.

मग दोन-तीन दिवस एकट्यानं. जेवण दारात ठेवलं जातं, बोलणं फोनवर. पाणी भरपूर, लघवीला बसूनच, पुरुषांनीही, आणि दोनदा फ्लश. तिथलं सांडपाणी थेट गटारात जात नाही. वेगळ्या टाक्यांत महिनोन् महिने थांबवून, निवळल्यावर सोडतात. लाळग्रंथी दुखू नयेत म्हणून आंबट गोळ्या देतात, पण त्या कधी सुरू करायच्या ते विचारून. बहुतेक ठिकाणी पहिला दिवस सोडून. उलटीसारखं वाटलं तर लगेच बेल दाबा. जुने कपडे आणा, सोन्याची साखळी आणि आवडतं पुस्तक आणू नका, कारण परत नेताना प्रत्येक वस्तूवरचा किरणोत्सार मोजला जातो आणि एखादी वस्तू काही आठवडे ठेवून घ्यावी लागू शकते. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरा.

घरी गेल्यावरच्या गोष्टीसाठी खरं तर मला हा लेख लिहायचा होता. एका गावात आयोडीन घेऊन आलेल्या बाईला घरच्यांनी गोठ्याशेजारच्या खोलीत महिनाभर ठेवलं, ताट वेगळं, पाणी वरून ओतायचं. हा विटाळ नव्हे. तुम्ही आता थोड्या दिवसांपुरता एक दिवा आहात, एवढंच. दिव्यापासून लांब गेलं की उजेड कमी होतो; एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात की पाव होतो. दिव्याकडे क्षणभर बघून पुढं गेलं तर काही होत नाही, रात्रभर शेजारी झोपलं तर होतं. म्हणून वेगळं अंथरूण, दोन हात अंतर, लहान मुलाला मांडीवर घेणं बंद, गरोदर सून-लेकीपासून जास्त लांब. कपडे वेगळे धुवायचे, संडासात पाणी जास्त टाकायचं. किती दिवस, ते मोजून आम्ही कागदावर लिहून देतो, कारण प्रत्येकाचे वेगळे असतात. त्या तारखेनंतर नातवाला खुशाल उचला. एकाच खोलीत सातजण राहत असतील तर हे डिस्चार्जच्या दिवशी नाही, दाखल होण्याआधी सांगा. कुणाला मामाकडे पाठवता येतं, किंवा आम्ही एखादा दिवस जास्त ठेवून घेतो.

बायकांनी पुढचे किमान सहा महिने मूल होऊ देऊ नये, पुरुषांनीही तीन-चार महिने थांबावं. विमानतळावर किंवा सरकारी कार्यालयांच्या दारात किरण ओळखणारी यंत्रं असतील तर ती काही आठवडे वाजू शकतात, म्हणून उपचाराचं पत्र पाकिटात ठेवा. थायरॉईड जास्त असल्यामुळं आयोडीन घेतलेल्यांनी दुसऱ्याच आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून फोन करू नये. दीड ते तीन महिने लागतात. बहुतेकांची ग्रंथी नंतर मंदावते आणि रोज सकाळी एक गोळी लागते. हे औषधाचं अपयश नाही, ठरवून केलेला सौदा आहे, आणि तो आधी समजावून न सांगणाऱ्यांवर माझा राग आहे.

लुटेशियम या दुसऱ्या किरणोत्सारी औषधाचे उपचारही आता मोठ्या केंद्रांत मिळतात, प्रोस्टेटच्या आणि न्यूरोएंडोक्राईन प्रकारच्या (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींसाठी. आमच्यासारख्या ठिकाणाहून त्यांना मुंबई-पुण्याला पाठवतात. तिथं जाताना पेटची सीडी बरोबर ठेवा, नुसत्या कागदावर त्यांचं भागत नाही. न्यूरोएंडोक्राईनच्या उपचारात मूत्रपिंड जपण्यासाठी अमिनो अॅसिडचं सलाईन तासन् तास चालतं आणि त्यानं मळमळतं. ती मळमळ लुटेशियमची नाही, सलाईनची.

स्कॅन झाल्यावर

साध्या स्कॅननंतर लगेच घरी जाता येतं, एसटीनं, रिक्षानं, कसंही. त्या दिवशी पाणी जास्त प्या, तान्ह्या बाळाला जवळ घेऊन बसू नका, गरोदर बाईच्या शेजारची सीट टाळा. पेटनंतर हे सहा-आठ तासांपुरतं. दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं.

रिपोर्ट बहुधा दुसऱ्या दिवशी मिळतो, कधी उशीर होतो, कारण डॉक्टरांना तुमचे जुने स्कॅन शेजारी ठेवून बघायचे असतात. म्हणून मागच्या वेळची फिल्म आणि सीडी हवी. माळ्यावर, गादीखाली, उन्हात ठेवलेल्या फिल्म चिकटतात आणि निकामी होतात. एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत सगळं एकत्र, वर मार्करनं पेशंटचं नाव आणि तारखा, आणि ती पिशवी कुठं आहे हे घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या.